मुळशी ते माडबन: विजेच्या वादाची शंभर वर्षे

कोळसा सोडून अणूकडे वळायचे की सूर्याकडे, हा वाद आज मेगावॉट, कार्बन आणि युनिटच्या दरात चालतो. महाराष्ट्रात त्याचे मूळ फार जुने आहे. ते पाहिल्याशिवाय रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातली माणसे जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पापायी इतकी का पेटून उठली, ते कळत नाही.

मुंबईच्या गिरण्या एकेकाळी कोळशाच्या वाफेवर चालत. घाटमाथ्यावरचा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवून टाटांनी खोपोलीला वीज काढली आणि १९१५ साली ती गिरण्यांना मिळू लागली. कोळशापासून दूर जाण्याची आपल्याकडची ही पहिली मोठी खेप. पुढचे धरण मुळशीला ठरले आणि तिथल्या मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. तरी धरण झालेच. वीज मुंबईला, पाणी खाचरांवर: पुढच्या प्रत्येक प्रकल्पात मला हीच वाटणी दिसते.

कोयनेने राज्याला उजेड दिला आणि शिवसागर जलाशयाखाली गावे घातली. तिथल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. पाणी पुरेना तसे राज्य पुन्हा कोळशाकडे वळले. खाणी विदर्भात, म्हणून बरीचशी केंद्रेही तिथेच. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. राख मात्र तारांतून मुंबई-पुण्याला जात नाही, ती चंद्रपूरकरांच्या अंगणातच राहते. शिवाय औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले.

अणुऊर्जेची ओळखही महाराष्ट्राला जुनी आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. भट्ट्या अमेरिकेच्या, इंधनही अमेरिकेचे. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर ते इंधन अडले, तेव्हा परक्या इंधनावर उभ्या राहिलेल्या विजेचा धडा मिळाला. पुढे तिथेच ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली.

जैतापूरचा प्रकल्प आला तेव्हा कोकणापुढे तारापूर होते. योजना प्रचंड: १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या भागातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी घेतली. कागदावर त्यातली बरीचशी पडीक. कोकणातला सडा, म्हणजे कातळाचे पठार, ज्याने पाहिला आहे त्याला हा शब्द खटकतो. उन्हाळ्यात काळा कोरडा कातळ, पहिल्या पावसानंतर त्यावरच गवत, आणि कातळ फोडून, माती भरून लावलेली हापूसची कलमे. सरकारने देऊ केलेले धनादेश कित्येकांनी घेतलेच नाहीत. खाडीपलीकडच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांची तर जमीन जात नव्हती, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्यांना जागा नव्हती. त्यांची भीती समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची होती. मासळी लांब गेली तर होड्या कुठवर न्यायच्या?

नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, डिसेंबरात फ्रान्सशी करार झाले आणि ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला. सव्वा महिन्यातच, १८ एप्रिलला, साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक गेला. फुकुशिमाने भीतीला पुरावा दिला हे खरे, पण विरोध त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्याला केवळ अज्ञान म्हणणाऱ्यांनी मुळशी विसरू नये, असे मला कळकळीने वाटते. पुढे फ्रेंच बाजूला कंपनी बदलली आणि नवा बंधनकारक प्रस्ताव थेट २०२१ मध्ये आला. अपघात झाला तर भट्टी पुरवणाऱ्यावर किती जबाबदारी, यावर २०१० च्या दायित्व कायद्यापासून घोडे अडले होते. दरम्यान २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरवलेले लक्ष्य.

सौरऊर्जेने शेतकऱ्याचे एक जुने दुखणे हलके केले, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. वर्षानुवर्षे शेतीची वीज रात्री यायची. मध्यरात्रीनंतर बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचे, चिखलात पाय, मनात सापाची आणि बिबट्याची धास्ती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ही वीज दिवसा देण्यासाठी आहे. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. पण पॅनेल गायरानांवरही लागतात, आणि काही गावांनी त्याला हरकत घेतली आहे. गायरान सरकारच्या नावावर असते. ग्रामपंचायतीला अनुदान मिळते. तिथे शेळ्या चारणाऱ्याचे नाव मात्र सातबाऱ्यावर नसते.