मुक्त पतन आणि सीमांत वेग: गल्लत नेमकी कुठे होते

स्कायडायव्हर पॅराशूट उघडेपर्यंत ‘फ्री फॉल’मध्ये, म्हणजे मुक्त पतनात असतो, असं सर्रास म्हटलं जातं. भौतिकशास्त्राच्या हिशेबात हे पहिल्या एक-दोन सेकंदांपुरतंच खरं, आणि तेही ढोबळमानाने. पुढे त्याची अवस्था जवळजवळ उलटी होते.

मुक्त पतनात वस्तूवर गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं कुठलंही बल नसतं. वेग दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद इतका वाढत जातो, वस्तू जड असो की हलकी. 1971 मध्ये अपोलो 15 या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, तेव्हा दोन्ही एकदमच खाली टेकली. तिथे अडवायला हवाच नव्हती. त्वरण, म्हणजे वेगवाढीचा दर, मात्र पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश.

मुक्त पतनासाठी वस्तू खालीच जात असली पाहिजे असंही नाही. सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्या क्षणापासून (हवा सोडून दिली तर) मुक्त पतनात असतो. सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग शून्य, पण त्वरण 9.8 च. मुलांचे गुण हमखास जातात ते इथे.

आता सीमांत वेग, म्हणजे टर्मिनल व्हेलॉसिटी: पडताना ज्या वेगाला पोहोचल्यावर वेग वाढायचा थांबतो, तो. हवेचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सीमांत वेगाच्या निम्मा झाला की रोध वजनाच्या एक चतुर्थांश असतो, त्यामुळे त्वरण तीन चतुर्थांश उरतं. रोध वजनाइतका झाला की त्वरण शून्य, आणि वेग स्थिर. पोटावर आडव्या स्कायडायव्हरचा हा वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास असतो. तो गाठायला दहा-बारा सेकंद लागतात. त्यानंतर त्याला वजनहीन वाटत नाही, खालून हवा त्याचं पूर्ण वजन पेलत असते.

पॅराशूट उघडल्यावर रोध वजनापेक्षा बराच जास्त होतो आणि वेग उतरून नवा सीमांत वेग येतो, सेकंदाला जेमतेम पाच मीटर. व्हिडिओत माणूस वर खेचल्यासारखा दिसतो खरा, पण वर जात कोणीच नसतं. चित्रण करणारा जुन्याच वेगाने खाली चाललेला असतो.

सीमांत वेग हा वस्तूचा कायमचा आकडा नव्हे, तो हवेच्या घनतेवरही ठरतो. ऑस्ट्रियाचे स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर यांनी 14 ऑक्टोबर 2012 रोजी सुमारे 39 किलोमीटरवरून उडी मारली आणि विरळ हवेत ताशी 1,357 किलोमीटर गाठले. खालच्या दाट हवेत शिरल्यावर पॅराशूट उघडण्याआधीच त्यांचा वेग कमी होत गेला.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक किलोमीटरवरून थेंब मुक्त पतनात आला असता, तर सेकंदाला 140 मीटरने अंगावर आदळला असता. प्रत्यक्षात 1 मिलिमीटर व्यासाचा थेंब साधारण 4 मीटरने येतो, 5 मिलिमीटरचा सुमारे 9 ने. हवेत जड वस्तू आधी पडते, हा समज म्हणूनच निव्वळ खुळा नाही: आकार तोच ठेवून वस्तुमान चौपट केलं तर सीमांत वेग दुप्पट होतो.

हे घरी तपासता येतं. कपकेकचे कागदी कप घ्या. एक कप 1.5 मीटरवरून आणि एकात एक घट्ट बसवलेले चार कप 3 मीटरवरून, तोंड वर ठेवून, एकाच क्षणी सोडा. दोन्ही जवळपास एकदम जमिनीवर येतात. पंखा बंद हवा, खिडक्याही. कप तिरका सुटला की तो भरकटतो. ती फेरी सरळ बाद करावी. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहिलं तर चार कपांची चळत किंचित मागे राहिलेली दिसेल. मोजणी चुकली असं समजू नका. सीमांत वेग दुप्पट असला की तो गाठायला अंतर चौपट लागतं, त्यामुळे चळतीचा सुरुवातीचा संथ टप्पा लांबतो, आणि एकट्या कपाचा मात्र पहिल्या अर्ध्या मीटरमध्येच उरकलेला असतो.