पार्श्वभूमी: स्त्रीपार्टी, ३७७ आणि सोळा वर्षांचा हिरो

आमच्या कुडाळ-वेंगुर्ल्याकडची चारपाच पोरं सध्या एक सिनेमा लिहितायत. पैसे नाहीत, कॅमेरा कुणाच्या तरी भावोजींचा, लोकेशन फुकट कारण समुद्र आपलाच. गोष्ट अकरावीतल्या पोराची, त्याला वर्गातलाच दुसरा पोरगा आवडतो, आणि तरी सिनेमा रडका नाही, हसतखेळत जाणारा आहे. स्क्रिप्ट वाचून मी म्हटलं, याच्या मागे काय काय होऊन गेलंय ते एकदा कुणीतरी लिहून ठेवा रे, तर ते काम माझ्याच गळ्यात आलं.

बाहेरचं पटकन सांगून टाकतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत कमी पैशातले असे काही सिनेमे आले ज्यात गे पोरगा किंवा लेस्बियन पोरगी शेवटी मरत नाही, एवढंच तेव्हा नवीन होतं. १९९९ ची एक अमेरिकन कॉमेडी आहे, पोरीला ‘सुधारायला’ शिबिरात पाठवतात त्याची, तिला तिथल्या रेटिंगवाल्यांनी आधी सगळ्यात कडक रेटिंग दिलं होतं, मग कापाकापी करून ते खाली आणलं. मोठ्या हॉलिवूड स्टुडिओला गे टीनएजरची लव्हस्टोरी काढायला २०१८ उजाडलं.

मराठीत खरंतर सुरुवात लवकर झाली. १९८१ ला रंगभूमीवर एका कॉलेजातल्या मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम आलं, १९८२ च्या एका गाजलेल्या सिनेमात महिलाश्रमातल्या दोघींचा विषय येऊन गेला. पण ही सगळी गंभीर, अंगावर येणारी कामं, आणि गोष्टी शहरातल्या नाहीतर संस्थेतल्या. डिसेंबर १९९८ ला मुंबईत थिएटरं फोडली गेली, दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या हिंदी सिनेमावरून, तो परत सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ ला न कापता पुन्हा लागला, हे सगळ्यांना माहितीच आहे. आमच्या घरी तेव्हा त्या बातमीवर टीव्ही बंद केला होता, मला वाटलं लाईट गेली.

कोकणातला वयात येणारा पोरगा पडद्यावर नीट दिसला तो २०१४ ला, बर्लिन फेस्टिवलच्या मुलांच्या ज्युरीने बक्षीस दिलेल्या ‘किल्ला’ सिनेमात, वडील गेलेला, आईच्या बदलीबरोबर आलेला, पाऊस आणि किल्ला. पाऊस इतका खरा दाखवलाय की बघताना कपडे वाळत घातलेत का ते आठवतं. पण त्यात हा विषय नव्हता, असायची गरजही नव्हती. आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला ‘साबर बोंडं’ हा जो मराठी सिनेमा परदेशी सिनेमांमधलं सगळ्यात मोठं बक्षीस घेऊन आला, दहा दिवसांच्या सुतकातला, त्यात हा विषय आहे पण माणसं तिशीतली आणि गाव घाटावरचं. म्हणजे टीनएजर, कोकण आणि हसू हे तीन एकत्र अजून रिकामंच आहे.

आता मुख्य घोळ. आमच्या पोरांच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हिरो दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या रात्रभराच्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी होता. ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला वा, परफेक्ट. मला तिथेच खटकलं.

स्त्रीपार्टी म्हणजे स्त्रीचा पार्ट करणारा. इंग्रजी पार्ट आपल्याकडे नाटकवाल्यांनी कधीच घरचा करून टाकला, राजाचा पार्ट करतो तो राजपार्टी, बाईचा करतो तो स्त्रीपार्टी, ‘पार्टी’ म्हणजे जेवणाची नाही. दशावतारात परंपरेने सगळे पुरुष. मंडळी जत्रेच्या सीझनला पेटारा घेऊन गावोगाव फिरतात, आधी गणपती, संकासुर वगैरे होऊन मग आख्यान लागतं, संवाद कुणी लिहून देत नाही, मेकअप ज्याचा त्याने करायचा. म्हणजे स्त्रीपार्टी हे कसब आहे, काम आहे. नऊवारी नेसून रात्रभर द्रौपदी होऊन भांडायचं, गायचं, रडायचं आणि पहाट झाली की काजळ पुसून कामाला लागायचं. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ म्हणतात ते राणीलाही लागू. आमच्या वाडीतले एक काका वीसेक वर्षं स्त्रीपार्टी करतायत, दिवसा रिक्षा चालवतात, तीन पोरं आहेत, त्यांना एकदा शहरातल्या कुणीतरी मुलाखतीत आडून आडून काहीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "रात्री मी बायल, नि सकाळी माजीच बायल माका ढकलून उठयता." विषय संपला.

तर होतं काय, सिनेमावाल्यांना साडीतला पुरुष दिसला की वाटतं गे कॅरेक्टर मिळालं. याने दोघांचं नुकसान. स्त्रीपार्टीच्या कलेकडे लोक संशयाने बघायला लागतात, आणि जो पोरगा खरंच पोरांवर प्रेम करतो पण क्रिकेट खेळतो, होडी ढकलतो, मिशी फुटायची वाट बघतो, तो म्हणतो मी तर असा नाय, म्हणजे मी तो नायच. उलट बाजूही आहे, सगळेच स्त्रीपार्टी घरी जाऊन ‘नॉर्मल’ असतात असं मी छातीठोक सांगणार नाही, काहींना त्या साडीत रात्रीपुरता श्वास घेता येत असेल. पण ते ज्याचं त्याने सांगायचं. कपड्यावरून नाही ठरवायचं.

आणि वाडीत चिडवायला शब्द एकच, बायलो. जो हळू बोलतो तो बायलो, आईला भाकऱ्या थापू लागतो तो बायलो, पाण्याला घाबरतो तो पण बायलो. याचा प्रेमाशी काही संबंधच नाही. प्रेमासाठी मालवणीत शब्दच नाही, निदान मी तरी ऐकला नाही. समलिंगी म्हटलं की सरकारी फॉर्म वाटतो, समलैंगिक पेपरातला, आणि ‘गे’ मराठीत लिहिलं की बाईला मारलेली हाक वाटते, गे माये. आमच्याकडे तर बाईला ‘गो’. स्क्रिप्टमध्ये पोराची आजी त्याच्या मोबाईलवर ‘मी गे आहे’ वाचते आणि विचारते, "कोणाक हाक मारतंस?" पूर्ण स्क्रिप्टमधला हा एक जोक मी कुणाला कापू देणार नाही.

जोकचं पण एक लफडं आहे. १९८० च्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाने आमची बोली महाराष्ट्रभर नेली, उपकारच आहेत, पण तेव्हापासून पुण्या-मुंबईत मालवणी ऐकू आली की लोक आधी हसून घेतात, वाक्य काय आहे ते नंतर. कॉमेडीवाल्याला हे फुकटचं भांडवल वाटतं. पण पोरगा मित्राला "माका तू आवडतंस" म्हणतो तिथे हॉल खदखदून हसला तर? पोरांनी तो सीन तीन वेळा लिहिला, शेवटी डायलॉगच काढला, नुसता एसटीच्या खिडकीतून हात.

कायद्याचं वेगळंच. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलं, २००९ ला दिल्ली हायकोर्टाने त्याची धार काढली, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परत लावली, ६ सप्टेंबर २०१८ ला कायमची काढली. आमच्याकडे वाडीवाडीत स्वस्त नेट त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी आलं, त्यामुळे इथल्या पोरांना कोर्टाचा निकाल आणि स्वतःसाठीचा शब्द दोन्ही मोबाईलवरच भेटले, रेंज असेल तेव्हा. पण २०१८ चा निकाल सज्ञान माणसांबद्दल आहे. आमचा हिरो सोळाचा, त्याला पोक्सो लागतो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, तो २०१२ चा, मुलगा-मुलगी भेद न करणारा, अठराच्या आतल्या कुणाचीच संमती न धरणारा. बरोबरच आहे, पण त्यामुळे निकालाच्या पेढ्यात याचा वाटा नाही, आणि पडद्यावर काय दाखवायचं याचीही लक्ष्मणरेषा तिथेच.

मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. ‘ए’, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं, मिळालं तर हिरोच्या वयाचं पोरगं थिएटरात बसू शकत नाही आणि सिनेमा टीव्हीवर जात नाही, म्हणजे ज्याच्यासाठी केला तोच बाहेर. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे, म्हणजे आईबापांनी ठरवून पोरांना दाखवायच्या सर्टिफिकेटचे, ७, १३ आणि १६ असे तुकडे पडले, पोरांची आशा सोळावर. माझी तेरावर आहे, चुंबनसुद्धा नाहीये त्यात, पण घरात मी एकटाच असं म्हणतो.

स्त्रीपार्टीचं शेवटी असं झालं की दशावताराचा सीन राहिला, हिरो स्टेजवरून उतरून झांज वाजवायला बसला, आणि तो ज्याच्याकडे बघत बसतो त्याला संकासुर केला, काळा बुरखा, लाल जीभ. तोंड दिसणार नाही म्हटल्यावर त्या रोलसाठी पोरगा लगेच मिळाला, घरच्यांनी पण हो म्हटलं. झांजेसाठी अजून शोधतायत.