पायलट महिन्याला ८० तासच काम करतात?

‘पायलट महिन्यातून जेमतेम ८० तास काम करतात आणि वर पगारवाढ मागतात’, हा मेसेज मालवण-वेंगुर्ल्याच्या ग्रुपांवरही अधूनमधून फिरतो. आकडा तसा खोटा नाही. नियमानेच वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, म्हणजे महिन्याची सरासरी साधारण ८३. पण हे फक्त उड्डाणाचे तास. उड्डाणासाठी विमान जागेवरून हललं की ते सुरू होतात, उतरून थांबलं की संपतात. ड्युटी मात्र त्याआधीच, रिपोर्टिंगपासून चालू असते. हवामान, इंधन, कागदपत्रं तपासणं त्यातच येतं. पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ढग खाली आले आणि विमान निघायच्या ठिकाणीच दोन तास खोळंबलं, तर ड्युटी वाढते, उड्डाणाचे तास नाहीत. छोट्या मार्गांवर हे जास्तच बोचतं. अनेक कंपन्यांत पगाराचा काही भाग उडालेल्या तासांवर ठरतो. मग पगाराची बोलणी किमान तासांच्या हमीवर (म्हणजे कमी उडलं तरी ठरलेल्या तासांचे पैसे) आणि विश्रांतीवर अडतात, यात नवल नाही.

ताडून पाहायचं असेल तर ड्युटी-विश्रांतीचे सरकारी नियम नेटवर खुले आहेत. उड्डाणाचा वेळ आणि ड्युटीचा वेळ यांच्या व्याख्या त्यात वेगळ्या आहेत, मर्यादाही वेगळ्या.