परदेशी पाहुण्यांना मुलींच्या बालगृहात न्यायचंय? आधी हे करा

मावसबहीण आणि तिचा डच नवरा दिवाळीत आले होते. अंबाबाईचं दर्शन झालं, पन्हाळा झाला. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता दाजी म्हणाले, अनाथ मुलींची एखादी संस्था बघून येऊ या. मी मिठाईचे चार बॉक्स घेतले आणि गाडी काढली. फाटकावरच्या मावशींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "पत्र हाय का?" नव्हतं. बॉक्स आले तसे घरी. शिवाय सुट्टी असल्यानं ज्यांना आत्या-मामा आहेत त्या मुली गावी गेल्या होत्या, म्हणजे आमची वेळही चुकलीच होती.

तर आधी संस्थेच्या अधीक्षिकांना फोन करा, निदान आठ-दहा दिवस अगोदर. संस्था बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खाली नोंदणीकृत आहे का, हे त्याच फोनवर विचारा. विचारायला लाजू नका, चांगली संस्था लगेच सांगते. मग साध्या कागदावर अर्ज द्यायचा: कोण येणार, किती जण, कशासाठी, कधी. सोबत पाहुण्यांच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, तुमचं आधार आणि मोबाईल नंबर. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर त्याचीही प्रत. मूळ कागद जाताना बरोबर ठेवा, नोंदवहीत सही करताना मागतात.

संस्थेनं वरच्या कार्यालयाची परवानगी आणायला सांगितली, तर ती जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे मागायची. इथं लोक हमखास फसतात आणि जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात जाऊन बसतात. तो विभाग अंगणवाड्यांचा. बालगृहांचं काम बघणारं कार्यालय वेगळं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पाहुणे हॉटेलऐवजी तुमच्या घरी उतरले असतील, तर परदेशी नागरिक आल्याची ऑनलाइन माहिती 24 तासांत द्यावी लागते. हॉटेलवाले हे रोज करतात, घरच्यांना पत्ताच नसतो.

आता पैशाचं. इथं चांगल्या मनानंही घोळ होतो. दुबईत नोकरी करणाऱ्या पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी दिली, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण आमचे दाजी परदेशी नागरिक. त्यांनी कोल्हापुरात युरो मोडून रुपयांत पाकीट दिलं तरी ती परदेशी देणगीच. ओसीआय कार्डवाल्यांचंही तेच. अशी देणगी एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीसुद्धा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. वस्तूही याच कायद्यात येतात. म्हणून संस्थेनं पाकीट परत केलं तर तो अपमान समजू नका. तुम्ही स्वतः द्यायची असेल, तर 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवर आयकरात देणगीची (80जी) सवलत मिळत नाही. चेक द्या, पावती घ्या.

फोटोचं मात्र कडक आहे. मुलीची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चेहरा छापला की बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टेटसला टाकलेला फोटोही सार्वजनिकच. दाजींना हे पटायला वेळ लागला. दुसऱ्या खेपेला, कागद घेऊन गेलो तेव्हा, त्यांनी मोबाईल आपणहून टेबलावरच्या टोपलीत ठेवला.

आत गेल्यावर "आई-बाबा कुठं असतात?" हे विचारू नका. बऱ्याच मुलींना एक पालक असतो, तो सांभाळू शकत नाही एवढंच. कुणी "ही मुलगी आम्हाला द्या" म्हणाला, तर तिथंच थांबवा. दत्तकाची नोंदणी कारा या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवर होते, भेटीत मूल निवडता येत नाही.

शिजवलेलं अन्न नेऊ नका. काय हवंय ते फोनवर विचारा. आम्हाला अधीक्षिकांनी सांगितलं होतं, केसांचे रबर आणि दोनशे पानी वह्या. रबरांचं पाकीट फुटून फरशीवर सांडलं आणि दोन वेण्यांची एक पोरगी दाजींना मराठीत रंग शिकवायला बसली. "जांभळा" त्यांना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.