प्लास्टिकचा कारखाना: धुराआधी पाण्याचं विचारा

प्लास्टिक प्रक्रिया प्रकल्पाचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत पहिलं वाक्य ठरलेलं: "इथे प्लास्टिक जाळणार." पुनर्वापर प्रकल्पात प्लास्टिक जाळत नाहीत, वितळवतात. माल निवडायचा, तुकडे करायचे, धुवायचे आणि एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून, दाणे काढायचे.

म्हणून विरोध चुकीचा? नाही, नेम चुकतो. खरी गोम धुलाईच्या पाण्यात आहे. बाटल्यांचे तुकडे 80 अंशांच्या आसपास तापवलेल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात. त्यात लेबलचा डिंक, शाई आणि प्लास्टिकचा बारीक चुरा उतरतो. हे पाणी तसंच नाल्यात सोडलं तर विहिरी धोक्यात.

धूर येतो तो बहुधा निवड कच्ची राहिल्याने. झाकणं पाण्यावर तरंगून वेगळी होतात. पीव्हीसी हे प्लास्टिक मात्र बाटलीच्या 'पेट' (PET) प्लास्टिकसारखंच बुडतं आणि पुढे एक्स्ट्रूडरमध्ये 260 अंशांच्या वर काळं पडून आम्लाची वाफ सोडतं.

हरकतीत विचारा: सांडपाणी प्रक्रियेची क्षमता किती, गाळ कुठे जाणार, एक्स्ट्रूडरवर वाफ शोषणारी यंत्रणा आहे का? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रतही मागा. प्रस्तावात 'पायरोलिसिस' असेल तर गोष्ट वेगळी: तिथे प्लास्टिकपासून तेल काढतात, उरलेला वायू सहसा भट्टीतच जाळतात. तिथे धुराचा प्रश्न अगदी रास्त.