लोक गाळणारे व्याकरण

"पाऊस कमी पडला, विहिरी आटल्या, म्हणून लोक गाव सोडून गेले." हे कुणालाही कळते. आता हेच प्रबंधाच्या भाषेत वाचा: "पर्जन्यमानातील घट व भूजलपातळीतील घसरण यांमुळे स्थलांतर वाढले." क्रियापदांची नामे झाली, 'म्हणून'चे काम 'मुळे'ने उचलले आणि लोक वाक्यातून गायब झाले.

या बदलाला मायकेल हॅलिडे (१९२५–२०१८) यांनी 'व्याकरणिक रूपक' म्हटले. भाषा काय काम करते यावरून व्याकरण मांडणाऱ्या प्रकार्यात्मक भाषाविज्ञानाच्या एका प्रमुख शाखेचे ते प्रणेते. न्यूटनच्या प्रकाशविषयक ग्रंथातही (१७०४) त्यांना हीच युक्ती दिसली: प्रकाश वळतो हे आधी सांगायचे, मग त्याचे 'वक्रीभवन' करून पुढच्या वाक्याची सुरुवात त्यावरून करायची. क्रियेची वस्तू झाली की ती मोजता येते, तिची कारणे शोधता येतात, युक्तिवाद पुढे सरकतो. (काही प्रबंधांत नुसता तोराच असतो, ते सोडा.)

विद्यापीठात आलेला विद्यार्थी अडतो तो बहुधा इथेच. शब्दकोश मदतीला येत नाही आणि वहीवरच्या 'भाषा सुधारा' या शेऱ्यातून काय सुधारायचे ते कळत नाही.

हॅलिडेंच्या सिडनी विद्यापीठात जिम मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून यावर लेखन शिकवण्याची पद्धत घडवली. ती आधी शाळांत रुजली, पुढे विद्यापीठांत गेली. आधी नमुना उतारा वाचून उलगडायचा: कोणता परिच्छेद काय करतो, प्रत्येक वाक्य कशापासून सुरू होते. शेवटी विद्यार्थी एकटा लिहितो. खरी गंमत मधल्या टप्प्यात आहे, फळ्यावरच्या सामूहिक लेखनात. कुणी म्हणते, "कारखाने आले आणि नदी घाण झाली." शिक्षक विचारतात, "'आले'चे नाम काय?" 'औद्योगिकीकरण' येते. "'घाण झाली'चे?" 'प्रदूषण'. मग दोन्हींना 'कारणीभूत ठरले' जोडते. तज्ज्ञाच्या डोक्यात चालणारी खटपट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडते.

टीकाकार म्हणतात, ही प्रस्थापित साच्यात बसवण्याची तालीम आहे. आक्षेप पोकळ नाही. नमुना गिरवणारे निबंध निघतातच. पण सुशिक्षित घरातल्या मुलांना हा साचा घरीच मिळतो. तो न शिकवल्याचा तोटा फक्त बाकीच्यांना होतो, हे मार्टिन यांच्या परंपरेचे उत्तर मला जास्त पटते. अडचण वेगळीच आहे: प्रयोगशाळेचा अहवाल आणि इतिहासाचा निबंध यांची घडण निराळी, त्यामुळे भाषाशिक्षकाला विषयाच्या प्राध्यापकासोबत बसावे लागते, आणि वेळापत्रकात तशी तासिका क्वचितच असते.