दिव्याचं तोंड भिंतीकडे

लहान उगमाचा दिवा जवळ धरला की अक्षरं ठळक दिसतात, पण हाताची सावलीही काळीकुट्ट पडते. त्याच दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं की भिंतच दिवा होते आणि सावली विरते. वॅट तेवढेच. दोन्ही कामं एकाच दिव्याने करायची, तर त्याचं डोकं दांड्यावर बसवून फिरतं ठेवावं लागतं.

भिंग न लावलेला ५ वॅटचा एलईडी सुमारे ४५० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) देतो. त्याला पायने (π, ३.१४) भागलं की सरळ समोरची तीव्रता मिळते, साधारण १४३ कँडेला (एका दिशेच्या उजेडाचं माप). अर्ध्या मीटरवर त्याचे ५७० लक्स (कागदावर पडणारा उजेड) होतात, वाचायला भरपूर. एक मीटरवर १४३च उरतात. म्हणून दिव्याचं डोकं कागदापासून ५० सेंमीवर आणता आलंच पाहिजे.

पसरट उजेडासाठी डोकं छताकडे वळवा, असं पुस्तकात असतं. गोव्यातल्या जुन्या घरात वर मंगळुरी कौलं आणि धुरकटलेले वासे. तिथे गेलेला उजेड गेलाच. उघड्या चिऱ्याची लाल भिंतही बराच गिळते. चुना लावलेली पांढरी भिंत गाठावी, आणि डोकं तिच्यापासून निदान ३० सेंमी दूर ठेवावं. जवळ नेलं तर भिंतीवर एकच लखलखीत ठिपका उमटतो आणि डोळा तिथेच अडकतो.

डोकं ३०० ग्रॅमचं आणि दांडा ज्यावर झुलतो त्या टेकूपासून ४० सेंमीवर असेल, तर पलीकडे १२ सेंमीवर १ किलोचं वजन लागतं (दांड्याचं वजन वेगळं धरून थोडं सरकवावं). दांडा वरखाली केला तरी दोन्ही बाजूंची आडवी अंतरं एकाच प्रमाणात बदलतात, त्यामुळे तोल कुठेच ढळत नाही. सांध्याला मग फक्त किंचित घर्षण पुरतं: दोन नायलॉन वॉशर आणि एक स्प्रिंग वॉशर. वजन न लावता बोल्टच आवळत राहिलं, तर काही महिन्यांत डोकं मान टाकतं.

बोल्ट पितळी घ्या. खाऱ्या हवेत साधा लोखंडी बोल्ट एका पावसाळ्यात गंजून जाम होतो. पितळी बोल्टाला दांडाही पितळीच हवा. ॲल्युमिनियमला पितळ टेकलं की दमट हवेत ॲल्युमिनियमच खाल्लं जातं.

डोकं पूर्ण गोल फिरू देऊ नये, वायरीला पीळ बसून आतली तार तुटते. ३३० अंशांवर अडवणारी खुंटी ठोकावी. तोंड वर केलेल्या दिव्याच्या टोपात (शेडमध्ये) जूनमध्ये पंखवाली वाळवी भरते; तिथे झाकणाला जुन्या खिडकीतलं शिंपल्याचं तावदान छान बसतं. उजेड थोडा कमी होतो, पण एलईडीचा बोचरा ठिपका दिसत नाही.